पाव फेरा

शिट्टी वाजली की पाव फेरा.
जास्त नाही, कमी नाही.
घराखाली अठ्ठ्याण्णव माणसं, अठ्ठ्याण्णव जॅक.
एकानं जरी जोर जास्त लावला
तर वर भिंतीला तडा जातो
आणि मुकादम टोलिव्हर
त्याच्या पणजोबापासून उद्धार सुरू करतो.

मी बासष्ट नंबर.
गॅल्व्हेस्टन. वादळाला चार वर्षं होत आली.

समुद्राच्या तोंडावर आता भिंत आहे,
पण नुसत्या भिंतीनं भागत नाही म्हणतात,
गावच उचलायचं.
आधी घरं, मग त्यांच्याखाली वाळू.
उपसलेला गाळ नळातून येतो,
करडा, कुजक्या शिंपल्यांच्या वासाचा,
आणि परवा जिथं कोंबड्या फिरत होत्या
तिथं छातीएवढा भरतो.
लोक फळ्यांच्या पुलांवरून चर्चला जातात,
झग्याचा घोळ हातात धरून.

आज बेहरेन्सबाईंचं घर.
बाई बाहेर यायला तयार नाहीत.
"तुम्ही उचला. मी कॉफी ठेवते."
आम्ही खाली, चिखलात कोपरं रुतवून,
आणि डोक्यावर त्यांची पावलं:
चुलीपाशी, खिडकीपाशी, परत चुलीपाशी.
शिट्टी. पाव फेरा.
थेंबही सांडला नाही, असं त्यांनी
फळ्यांच्या फटीतून ओरडून सांगितलं.

अंजिराचं झाड मात्र उचलता येत नाही.
त्याला जॅक लावणार कुठे?
गाळातल्या मिठानं ते मरणार, हे त्यांनाही ठाऊक.
तरी फांदीला लाल फडकं बांधून ठेवलंय,
नळवाल्यांनी जरा बघून काम करावं म्हणून.

शेवटच्या संध्याकाळी मला वर बोलावलं.
शिडीनं गेलो, पायऱ्या खालीच राहिल्या होत्या.
बैठकीत भिंतीवरच्या कागदी फुलांमधून
एक तपकिरी रेघ. माझ्या हनुवटीएवढी.
सायलस, माझा भाऊ, माझ्याहून वीतभर बुटका होता.

"त्या रात्रीची," बाई म्हणाल्या,
"पुसू दिली नाही कुणाला.
पण घर पाच फूट वर गेलं, म्हणजे रेघही गेली.
मग पाणी खरं कुठवर आलं होतं,
ते आता कुणाला कळायचं?"

मी हनुवटीपासून खाली हात मोजत गेलो,
पाच फूट,
आणि गुडघ्यावर बसलो.
"इथवर," म्हटलं. "तुमच्या पायाखाली."

त्यांनी एक पाय उचलला,
अंदाज घेतल्यासारखा,
आणि परत टेकवला.
मग कॉफी दिली. गार झालेली. मी प्यायलो.

माझी खोली गल्लीत, भाड्याची.
आमच्या भिंतीवर रेघ नाही;
ती भिंतच त्या रात्री गेली.
ही नवी, बुडालेल्या गोदामाच्या फळ्यांची.
मालक म्हणतो, उचलायचा खर्च
खोलीच्या किमतीपेक्षा जास्त.
वाळू येईल तेव्हा बघू.
वाळू तर आलीच आहे, पलीकडच्या वळणापर्यंत.
रात्री नळ गुरगुरतो आणि बायको
उशाशी ठेवलेली चादरींची पेटी
झोपेतच जवळ ओढते.

टोलिव्हर शनिवारी संध्याकाळी जॅक मोजतो.
गेले तीन शनिवार
त्याच्या मोजणीत आठ चुकतात.
"नव्वद," तो लिहितो, "आणि आठ दुरुस्तीला,"
आणि माझ्याकडे न बघता वही मिटतो.

रविवारी, प्रार्थना आटोपली की,
आम्ही आठजण बाह्या सारून गल्लीत उतरतो.
मागच्या आठवड्यात अय्झेक प्रूइटची खोली झाली.
आज माझी.
आत बायको आहे, तिनंही कॉफी ठेवली आहे,
बेहरेन्सबाईंची गोष्ट ऐकल्यापासून हट्टच धरलाय.
शिट्टी आमच्याकडे नाही.
मुलगी पिंपावर उभी राहते,
दोन बोटं तोंडात घालते,
आणि सगळ्यांची कोपरं रुतलीत का
ते एकदा नीट बघून घेते.