कात

गाडी दाराशी लावू नका, म्हणतात फोनवर.
झुरळांसाठी कोणी असं म्हणत नाही.
वाळवीचं तर लोक चौकात उभं राहून सांगतात,
सागाची होती हो चौकट, सागाची!
जणू तिने निवडून खाल्ली, यातही मानच.
ज्वारीत टोके झाले, तुरीत किडे,
तर शेजारीणच सांगते: निंबाचा पाला घाल,
डाळीला एरंडेल चोळ, ऊन दाखव.
फक्त ढेकणांना नाव नसतं.
"ते झालंय," म्हणतात. "ते."
मग मी गाडी मारुतीच्या पाराशी लावतो
आणि पंप गोणपाटात गुंडाळून
पाव्हण्यासारखा चालत येतो.

अमळनेर. टेशनामागची गल्ली. चैत्र संपत आलेला,
सकाळी नवालाच पत्रा तापून टकटक वाजतो.
द्वारकाबाईंनी दार अर्धंच उघडलं.
सून ओट्यापाशी, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या,
तरी दिसल्या पुटकुळ्या, एका रांगेत तीन,
मग थोडं अंतर, मग तीन.
डास असा शिस्तीत चावत नाही.

"माहेरथीन लई उनी हाई," म्हातारी बोलली,
आवाज न दाबता. "लगीननी गादीमां."
जागृती नाव तिचं. चार महिने झाले होते.
तिने कणीक मळणं थांबवलं नाही.

मला काय, मी औषधवाला.
खोलीमागे दर ठरलेला, पैसे घ्या, निघा.
पण फवारण्याआधी बघावं लागतं, कुठून.

लाल गादी उलटली. शिवणीतून जुनं एटीएम कार्ड फिरवलं.
टाके स्वच्छ,
कापसाला अजून जिनिंगचा वास.
दोन-तीन सापडले, बारके,
जेवून पाय मोकळे करायला निघाल्यासारखे.
मग सासऱ्यांचा पलंग. गार्ड होते, मालगाडीवर;
तीस वर्षं नंदुरबार, उधना, भुसावळ,
रनिंग रूमच्या खाटा, आणि बिस्तरा बांधून परत घरी.
सांध्यात बॅटरी धरली:
शाईसारखे ठिपके, त्यांवर रंगाचा हात,
रंगावर पुन्हा ठिपके.
हार घातलेल्या फोटोमागे
कातीचा चुरा, कांद्याच्या पापुद्र्याहून हलका,
नुसत्या श्वासाने अर्धा उडाला.

बोलावं की नाही, हे औषधाच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.
"कात जुनी आहे, काकू," मी म्हणालो.
"हे इथलेच. दहा-बारा वर्षांचे तरी.
गादीत आत्ता शिरलेत, इकडून तिकडे."

ओट्यावरचा आवाज थांबला.
द्वारकाबाई फोटोकडे बघत राहिल्या बराच वेळ,
मग पदराने काच पुसली,
धूळ नव्हती तिथेही.
"त्यास्ले झोप लागे नही," एवढंच बोलल्या.

मग मीच सांगत सुटलो, भराभर, कामाचं:
पलंग अंगणात काढा, सांध्यात उकळतं पाणी ओता,
पांघरुणं काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर,
चव्वेचाळीस अंशांत निम्मं काम ऊनच करतं,
भिंतीच्या भेगा बुजवा, रॉकेल ओतू नका,
आणि पंधरा दिवसांनी मी परत येतो,
अंडी फवाऱ्याला जुमानत नाहीत.

घरी गेलो तर पोरगी नेहमीसारखी नाक धरून उभी,
आंघोळ होईपर्यंत जवळ येत नाही.
भिंतीवरची पाल तेवढी ओळख दाखवते.
तिला मी काही करत नाही; धंदा एकच आमचा.

पंधराव्या दिवशी पुन्हा फोन: गाडी दाराशी नको.
पारापासून चालत गेलो.
लांबूनच दिसली, गच्चीच्या कठड्यावर टाकलेली लाल गादी,
सगळ्या गल्लीला दिसेल अशी,
एका टोकाला म्हातारी, एका टोकाला सून,
काठीने झोडपताहेत, पाळीपाळीने, न बोलता.

मी बॅटरी घेऊन आत गेलो.
एक सापडला, जिवंत, पलंगाच्या पायात.
राहतातच एक-दोन.