धडा

ओस्ला इस्बिस्टर, वय त्रेपन्न,
लेरविकच्या मासळी कारखान्यात वजनकाट्यावर.
खोका, बर्फ, निथळणारं खारं पाणी
आधी वजा करायचं,
उरेल तो हॅडक.
तीस वर्षं तिने
माशाचं नसलेलं काही
माशाच्या नावावर चढू दिलं नाही.

काट्यावर रिकामं भांडं ठेवून पारडं सारखं करतात
त्याला धडा म्हणतात.
शाळेत शिकतात, त्यालाही.

आता रात्री ती निबंध लिहिते.
पत्रद्वारा पदवी, दुसरं वर्ष, इतिहास.
विषय : शाली विणणाऱ्या बायका, आणि त्यांना मिळालेला मोबदला.
मर्यादा अडीच हजार शब्द.
तळटीपा धरायच्या नाहीत, संदर्भसूची धरायची नाही,
अवतरणचिन्हांतलं काही धरायचं नाही.

संगणक मात्र सगळंच धरतो.
खाली कोपऱ्यात तीन हजार चारशे बारा.
बर्फासकट. खोक्यासकट.

कारखान्यात बिलांसाठी मॅक्रो लिहिणारा एर्टी
जाताना तिला चार ओळी शिकवून गेला होता.
त्या चारांच्या तिने चाळीस केल्या.
पहिलं अवतरणचिन्ह शोध.
तिथून दुसऱ्यापर्यंत जा.
मधले शब्द मोज.
वजा कर.
पुन्हा शोध.
सापडेनासं झालं की थांब.

दुपारी तीनलाच अंधारलेल्या त्या रविवारी
मॅक्रो चालला, आणि आकडा चुकला.
दोनशे शब्द जास्त.
बोट ठेवून एकेक ओळ तपासली तेव्हा कळलं :
सिनी हॅल्क्रो साक्ष देताना
शब्दांची शेपटं गिळत बोलायची,
आणि लेखनिकाने प्रत्येक गिळलेल्या अक्षराच्या जागी
एक स्वल्पविराम वर टांगून ठेवला होता.
मॅक्रोला वाटलं, बोलणं संपलं.
सिनीचं अर्धं वाक्य
ओस्लाच्या खात्यात जमा.

हे काही बरोबर नाही, ती मांजराला म्हणाली.
एकेरी चिन्हं काढली, दुहेरी घातली,
सव्वातीन तास.
मग पुन्हा कळ दाबली.
तळटीपा आणि सूची, दोनशे शहाऐंशी, वजा.
अवतरणं, सहाशे एकेचाळीस, वजा.
निव्वळ दोन हजार चारशे पंच्याऐंशी.
पंधरा शब्द हातात राखून!

ती चहा टाकायला उठली.
पुडी फोडता फोडता हात थांबला.

सिनीची साक्ष :
"एक शाल, सहा आठवडे, दिव्याच्या उजेडात.
रोख मागितले.
दुकानदार हसला,
चहाची पुडी सरकवली.
घरी चहा भरपूर होता. पीठ नव्हतं."

सहा आठवडे तेव्हा वहीत नव्हते,
त्यांच्याबद्दलची वाक्यं आता मोजणीत नाहीत.
आणि हा मॅक्रो
कुणी दुकानदाराने लिहिलेला नाही.
पाणी उकळून उकळून आटलं.

तिने मॅक्रोची एक नक्कल काढली.
चाळीस ओळींतल्या फक्त एका ओळीत
वजाचं चिन्ह पुसलं, अधिकचं घातलं.
आता तो बाहेरचं सगळं सोडून देई,
आतलं तेवढं मोजी.
सहाशे एकेचाळीस.
नक्कल जपून ठेवताना नाव विचारलं,
तिने टाइप केलं : सिनी.

मग राखलेले पंधरा शब्द खर्चायला बसली.
"या निबंधात सहाशे एकेचाळीस शब्द बायकांचे आहेत;
ते मोजलेले नाहीत, पण मी ते मोजून पाहिले."
आणि लगेच दोन्ही टोकांची अवतरणचिन्हं खोडली,
नाहीतर हेही वजा झालं असतं.
अडीच हजार, काटा स्थिर.
पहाटे सहाची पाळी होती.

तीन आठवड्यांनी निबंध परत आला.
गुण चांगलेच. समासात एके ठिकाणी
शिक्षकांची लाल अक्षरं :
शेवटचं वाक्य अनावश्यक.

ओस्लाने तेही मोजलं.
तीन.