साखर नको

बाबा छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते.
नाशिकरोडला हे वेगळं सांगावं लागत नाही.
सुटताना गेटवर हात वर करून उभं राहायचं,
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं,
मोजणीत एक कागद कमी भरला
तर अख्खी पाळी आत.
आई विचारायची, आज काय केलं?
काम.
कसलं?
छापायचं.
त्या भिंतीआडचं यापुढचं काही
आमच्या ताटापर्यंत कधी आलं नाही.

आता हातात फोन आहे. मीच घेऊन दिला,
दत्तमंदिर रोडच्या दुकानातून.
पोरगा म्हणाला, काका, पासवर्ड काय टाकू?
काउंटरला चार गिऱ्हाइकं टेकलेली.
बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं
जणू त्यानं साच्याची किल्ली मागितली.

मग एकदा बँकेतून बोलणारा तो आवाज,
खातं रात्री बंद होईल, आलेला आकडा सांगा पटकन.
बाबा म्हणाले, गेटपास नंबर?
कोणाचा?
तुमचा. आधी तो सांगा, मग हात वर करा.
पलीकडून शिवी आली.
बाबांनी बशीत चहा ओतला.

माझं म्हणाल तर सगळीकडे एकच,
मुलाचं नाव आणि एक-दोन-तीन.
वीजबिलाला तेच, मेलला तेच, साडीच्या दुकानालाही.
परवा कॉलेज रोडला एका पर्ससाठी
नंबर दिला, जन्मतारीख दिली,
लग्नाची तारीखसुद्धा दिली हसत हसत.
पाच टक्के सुटले.

पौषात बाबा मोरीत पडले.
गायधनींसोबत कोण आहे? खिडकीतून हाक आली,
विम्याचा कागद लागेल.
कागद फोनमध्ये, फोन कुलपात,
आणि बाबांच्या तोंडावर मास्क.
त्यांनी बोटानं हवेत उभा चौकोन काढला.
मला वाटलं, खिडकी उघड म्हणतायत.
मी उघडली. त्यांनी कपाळाला हात लावला.

रात्री दोनला घरी, पाणी प्यायला म्हणून
फ्रिजपाशी गेले, आणि तिथंच थांबले.
चुंबकाखाली त्यांच्या अक्षरातली यादी:
तूरडाळ ३
पोहे १
साखर नको
गूळ ८
शेंगदाणे २
रवा ५
चार महिने तो कागद तिथं होता.
त्यातले पोहे मी एकदा आणलेसुद्धा.
ज्याला साखर वर्ज्य, तो आठ किलो गूळ मागवेल?
आणि जे आणायचंच नाही
ते यादीत कोण लिहितं?

तीन, एक, शून्य. आठ, दोन, पाच.
उघडला.
विम्याचा कागद तेवढा काढला.
वर ‘शकूताई, भजनी मंडळ’ यांचे
अकरा मेसेज होते न वाचलेले.
ते अंगठ्यानं झाकले.
तरी वाटलंच, मी गेटवर उभी आहे
आणि बाबांचे खिसे माझ्या हातात आहेत.

घरी आल्यावर पहिला प्रश्न:
किती जणांना कळलंय?
मला एकटीला.
म्हणजे दोघं, ते म्हणाले, दोघं फार झाले.
आणि माझ्याकडे पाठ करून
खुर्चीत बराच वेळ टकटक करत बसले.
त्या रात्री मीही बसले,
मुलाचं नाव एकेका दारावरून उतरवत,
साडीच्या दुकानापर्यंत जाता जाता उजाडलं.

फ्रिजवर आता नवी यादी आहे.
मी ती वाचत नाही.
पहिली ओळ तेवढी दिसली, दूध काढताना,
नाइलाज होता.
काल बिटकोच्या चौकात किराणावाला म्हणाला,
नऊ किलो मीठ? ताई, लोणचं घालताय का एवढं?
म्हटलं, हो.