सांध्याशेजारी

दर मंगळवारी न्यू बेडफर्डच्या टेक्निकल शाळेत जाते,
दोन बस बदलून, मांडीवर लॅपटॉप.
विद्यापीठानं मला तिथं शिकवायला पाठवलंय.
वर्कशॉपचं दार उघडलं की
आधी बंदरावरचा मासळीचा वास आत शिरतो,
मागून मी.

इलीदियु सोळा वर्षांचा. आई रात्रपाळीला,
मासे कापायच्या कारखान्यात.
वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सारलेला,
एक भुवई अर्धीच उरलेली.
मी म्हणाले, ताण म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.
तो म्हणाला, हं.
आणि माझ्या हातातला होल्डर काढून घेतला,
कारण मी तो झाडूसारखा धरला होता.

तीन आठवडे त्यानं एकच सांधा केला.
पोलादाच्या दोन पट्ट्या, मधे शिवण,
खवल्यावर खवला, श्वास रोखून.
एकदा कुणाला न सांगता सगळी घासून काढली,
पुन्हा बसला.
शेवटी कडेला खिळ्यानं आद्याक्षरं कोरली, बारीक.

आता ही मशीनमध्ये लावू, मी म्हणाले,
तुटेपर्यंत ओढू.
"चांगली आहे ना?
मग मोडायची कशाला?"
किती चांगली ते कळायला, असं मी म्हणाले खरं,
पण ते उत्तर पाठ केलेलं होतं
आणि त्याला ते कळलं.

शनिवारी प्रयोगशाळेत तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.
झेनाइदा आकडे वाचत होती,
हाउजीचे पुकारावेत तसे:
चाळीस. एक्केचाळीस. साडेएक्केचाळीस.
माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात
सांध्याच्या पायथ्याशी एक लाल ठिपका आहे. इथं तुटेल.
दीड वर्ष त्या ठिपक्यात गेलंय.

पट्टी लांबली, कमरेत बारीक झाली,
आणि धाड!

सांध्यात नाही. शेजारी, चार बोटं पलीकडे,
कोऱ्या पोलादात.
शिवण जशीच्या तशी, अक्षरांसकट.

तुकडा अजून कोमट होता.
इलीदियुनं तो शर्टाच्या टोकात धरला,
आईला दाखवतो म्हणाला.
मग माझ्या पडद्यावरचा ठिपका बघितला, बराच वेळ.
"तुमचं चुकलं का?"

हो, म्हणाले.

त्यानं पायानं स्टूल ओढलं, बसला.
"कुठं ते दाखवा."