रस्त्याकडची बाजू

मासळीच्या कारखान्याने जाताना दिलेले,
सेल्बीच्या होडीचा परवाना विकून आलेले,
आणि आयव्ही आत्या ठेवून गेली ते,
सगळे मिळून बावन्न हजार डॉलर.
वहीत आकडा लिहून मी त्याभोवती चौकट काढली,
कोंबड्यांभोवती जाळी लावतात तशी.

लेव्ही स्नूक आला, घराभोवती तीनदा फिरला,
फळ्यांवर बोटं ठोकत,
डॉक्टर पाठीवर ठोकतात तशी,
आणि काहीच बोलला नाही.
तेव्हाच मी त्याच्या चहात साखर जास्त घातली.

छप्पर: साडेसतरा हजार.
चार भिंतींच्या फळ्या: अडतीस.
अकरा खिडक्या, नगाला नऊशे.
मागच्या पायऱ्या: बत्तीसशे.
वर शेकडा पंधरा सरकारचे,
सरकार शिडीवर चढणार नव्हतं तरी.
बेरीज मी दोनदा केली. सेल्बीने एकदाच, मोठ्याने.
अठ्ठ्याहत्तर हजार आठशे नव्वद.
किटली ओरडत राहिली, कुणी उठलं नाही.

घर पाहावं बांधून म्हणतात.
बांधून पाहणारे टेकडीवरच्या कुंपणात झोपलेत,
राखून पाहायचं आमच्या वाट्याला आलं.
त्यांच्या वेळी न्यूफाउंडलंडच्या या टोकाला रस्ता नव्हता,
पाहुणे होडीतून यायचे, म्हणून दार समुद्राकडे.
मग रस्ता आला, मागून,
आणि घराची पाठ हेच त्याचं तोंड झालं.

सेल्बी म्हणाला, रस्त्याकडची बाजू आधी.
टपालवाली बघते. चर्चला जाणारे बघतात.
हिमनगांसाठी येणारे आपल्याही घराचे फोटो काढतात.
मी म्हटलं, वारा फोटो काढत नाही.
तो ईशान्येकडून येतो, तोंडात मीठ घेऊन,
आणि चाळीस वर्षं त्याच दोन भिंती खातोय.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण अंथरूणच तोकडं असेल
तर आधी काय झाकायचं, चेहरा की छाती?

दोन दिवस आम्ही दोघं फक्त मांजराशी बोललो.

तिसऱ्या दिवशी त्याने वही ओढली,
पायऱ्यांवर काट मारली, शेजारी लिहिलं: मी करीन.
सात खिडक्या मी खोडल्या.
उत्तर आणि पूर्व ठेवली. बाकीच्या दोन देवावर.
कर धरून उरले पाच हजार आठशे पंच्याऐंशी.
लेव्ही म्हणाला, यांना हात लावू नका,
यांचं नाव लिहा 'अनपेक्षित'.
नाव ठेवलं की ते येतंच, सेल्बी म्हणाला.

जूनमध्ये कोपऱ्याची फळी निघाली.
लेव्हीने कानामागची पेन्सिल तळच्या तुळईला टेकवली
आणि ती आत गेली, पार खोडरबरापर्यंत.
ओला भुसा, मुंग्या, आणि एक निळं बटण,
कुणाच्या कोटाचं ते आठवेना.
अनपेक्षित: बावन्नशे.
बटण मी साखरेच्या भांड्याशेजारी ठेवलं.

सप्टेंबरात नणंद आली, मर्टल, सेंट जॉन्सहून.
गाडीतून उतरली, पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे पाहिले,
म्हणाली, मग, काम कधी काढताय?
एक्कावन्न हजार तीनशे पंधरा खर्चून बसलेली बाई मी.
म्हटलं, बघू.
सेल्बी पायऱ्यांवर खिळे मोजत होता,
एकच खिळा पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी तो लाल रंगाचा डबा घेऊन आला.
फक्त रस्त्याकडच्या दारासाठी, म्हणाला, एकोणसाठ डॉलर.
मी पावती मागितली. त्याने दिली.

ऑक्टोबरात एका रात्री खाडीत वारा शिरला,
शेजारच्या हेडलीची कचरापेटी गडगडत गेली.
आमच्या उशाच्या भिंतीला नेहमी एक शीळ असायची,
ती ऐकायला मी जागी राहिले.
सेल्बीही जागा होता.
पडला का गं वारा? त्याने विचारलं.
नाही, मी म्हटलं, बाहेर आहे.

सकाळी नवं पान काढलं.
पश्चिम: साडेनऊ हजार. लाकूड महागेल, म्हणून दहा.
शिडी आपली की लेव्हीची, विचारणे.