शशीताईचं नाक

पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसानं विचारलं, काय घेऊन चाललात?
म्हटलं, काही नाही, बहिणीला जेवायला नेतोय.
तो हसला. सकाळचे साडेसात वाजले होते.

भाद्रपदातल्या तापात शशीताईचं नाक गेलं.
कुडाळात तीस वर्षं खानावळ चालवली तिनं,
कधी चमचा तोंडाला लावला नाही;
झाकण उचलायची, हुंगायची, म्हणायची, चिंच मागून पडलीय.
तीच आता शेजारणीला हाक मारून विचारते
गॅस चालू राहिलाय का गं.
डॉक्टर म्हणाले, येईल. कधी, ते नाही म्हणाले.
मग मीच ठरवलं. चैत्र आहे, गोवा आहे,
वास रस्त्यावर सांडलेला असतो तिथं या दिवसांत.

म्हापशाला शुक्रवारचा बाजार.
चोरिसांच्या माळा, खारे बांगडे, सुक्या सुंगटांचे ढीग.
मी रुमाल शोधत होतो
आणि ही बया त्या गल्लीत
गाभाऱ्यासमोर उभी राहावी तशी उभी.
काही? विचारलं.
म्हणाली, गर्दी आहे.
तरी सवयीनं चिमटीत चुरडून बघितली सुंगटं,
घासाघीस केली, किलोभर घेतली.

पर्वरीला रस ऑम्लेट: ओलं आणि गरम, ती म्हणाली,
हवामान खात्यासारखी.
पोईचा कोंडा बोटाला लागला तो झटकला.
बेबिंकाचे थर मोजले. सात.
एकात तूप कमी पडलंय, म्हणाली, पण ते डोळ्यांनी.

झुआरीच्या पुलावर ती चिडली.
"तू मला खायला घालत नाहीयेस.
परीक्षा घेतोयस. दर घासाला माझ्या तोंडाकडे बघतोस."
खालून वाळूची बार्ज चालली होती, ती जाईतो
मी काहीच बोललो नाही.
मडगावात म्हणाली, आता तू खा. मी बघते.
आणि खरंच बघत बसली,
शागुती खाताना माणसाचा चेहरा
इतका मूर्ख होतो हे मला माहीत नव्हतं.

करमलच्या घाटात काचा बंद असूनही
बोंडांचा आंबूस वास आत आला. मी तिला सांगितलं नाही.

तळपणला चंद्रावती पागीकडे चारच टेबलं,
मागं चूल, बांगड्याचं हुमण चढवलेलं.
ताई चुलीकडे पाठ करून बसली होती.
अचानक म्हणाली, वाटण कच्चं आहे अजून.
कशावरून?
पातळ वाजतंय.
उठून आत गेली, न विचारता डाव हातात घेतला.
"तुका कशें कळ्ळें गो?" चंद्रावतीचा आवाज,
मग दोघींचं हलक्या आवाजात बोलणं,
मग बराच वेळ नुसती रटरट.

ताटात तेफळं सगळे बाजूला काढतात.
तिनं एक चावलं.
थांबली. ओठ चाचपले.
"काहीतरी चालतंय जिभेवर. मुंग्या."
चव नव्हती ती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.
तरी माझ्या ताटातली तेफळं उचलली तिनं, एकेक,
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर चावत राहिली,
आणि वर चंद्रावतीला सांगितलं, मीठ नेमकं आहे.

परतीला काळोख. मागच्या सीटवर पिशवी कलंडली होती,
गाडीभर सुंगटं.
मी काच खाली करायला गेलो तर म्हणाली,
"वास येतोय ना रे?"
हो.
"कसा येतोय, सांग."
मी म्हटलं, घाण.
मग म्हटलं, थांब,
आणि पेडणं मागं पडलं तरी
मी सांगतच होतो.