दोन वितींचा फरक

जलद्वाराच्या पलीकडचं पाणी
अलीकडच्या पाण्यापेक्षा दोन विती वर.
एवढ्यासाठी मला पगार मिळतो,
सत्तावीस वर्षं.

उत्रेख्तजवळच्या त्या घरातून मी रविवारी परतले.
सोमवारी सातला खोलीची चावी फिरवली,
तर किटलीच्या बुडाशी तोच चुन्याचा थर
आणि बाहेर वाळूच्या होडीवरून डाउवेची हाक :
"व्हीट्स्के, झोपलीस काय?"

झोपले नव्हते रे.
शनिवारी चार तास मी कुणीच नव्हते.
पण हे त्याला सांगणार कधी,
नऊच्या आत त्याला वाळू उतरवायची होती.

अक्रोडाएवढ्या गाठी होत्या, आंबट, मातकट,
आल्याच्या चहाबरोबर चावून चावून गिळलेल्या.
कोपऱ्यात मारेत लोकर विणत बसलेली,
दर तासाला विचारायची, पाणी हवंय का?
मला हसू आवरेना. पाणी, आणि मला!

आधी पडद्याची किनार श्वास घ्यायला लागली.
मग सगळे कालवे उभे राहिले, झाडांसारखे,
आणि बुंध्याशी, बर्फावर,
आठ वर्षांची एक पोर,
नाक वाहतंय, एका स्केटचा पट्टा तुटलेला,
न्यायला कुणी आलेलं नाही.
ती माझी आई होती.
मी तिला कडेवर घेतलं.
बाकी सगळी नक्षी.

रात्री वहीत लिहिलं :
पाण्याला वर-खाली माहीत नसतं.
मंगळवारी वाचलं तर
चहाच्या पुडीवरचं सुभाषित वाटलं.
जलद्वारावरच्या बाईने असं लिहावं?
साहेबांनी पाहिलं तर नोकरी जाईल.

पहिला आठवडा मी कशानेही रडायचे,
दुकानात चीजची चकती कापताना पाहूनसुद्धा.
दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही.
तिसऱ्यात, टोलासाठी गळाला बांधून सोडलेल्या लाकडी बुटात
भाड्याच्या बोटीवरच्या पोरांनी
नाण्याऐवजी शर्टाचं बटण टाकलं
आणि मी अशी शिवी हासडली
की बदकं उडाली.
त्याच तोंडाने,
ज्याने त्या शनिवारी सगळ्या जगाला माफ केलं होतं.

मारेत फोनवर म्हणाली, घाई करू नका.
हे मला सांगते!
दार एकदम उघडलं तर काय होतं
ते मी पाहिलंय :
दोर तुटतात, होडीतल्या कपबश्या फुटतात,
एकदा एका म्हाताऱ्याचं बोट गेलं.
आधी तळाची खिडकी, वीतभर.
मग नुसतं उभं राहायचं.
हात कठड्यावर, डोळे ओल्या विटांवर,
एक वीट बुडते, मग दुसरी.
होडीतल्या माणसाला वाटतं
बाई काहीच करत नाहीये.

गुरुवारी मी आईकडे जाते, बोल्सवर्डच्या वृद्धाश्रमात.
ती काही विसरलेली नाही.
जीभ अजून वस्तऱ्यासारखी.
"जाडी झालीस," म्हणाली, कोट काढायच्या आधी.
पूर्वी मी अशा वेळी बसची वेळ बघायचे.
आता परात आणते.
तिच्या पायाची नखं शिंगासारखी झालीयेत,
वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय
कात्री चालत नाही.

अंगठ्यापाशी ती पाय मागे ओढते.
मी थांबते. पुन्हा धरते.
कालवे उभे राहत नाहीत,
खिडकीबाहेर सायकली, पार्किंग, पाऊस.

परवा धीर करून विचारलं,
"आई, लहानपणी तू कधी बर्फावर
एकटीच राहिली होतीस का?
एका स्केटचा पट्टा तुटून?"

ती बघत राहिली माझ्याकडे.
"डोकं फिरलंय का तुझं?
स्केट घ्यायला आमच्याकडे पैसे कुठे होते?"

परातीतलं पाणी गार झालं होतं.
मी थोडं गरम ओतलं, बोट बुडवून पाहिलं,
आणि म्हटलं,
दे, दुसरा पाय दे.